फाल्ग्रास, वाटरबेर्ग आणि एक लष्करी पास : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२३, एस्लिंगेन

जुन्या लष्करी पदकांचा लॉट, म्हणजे एकत्र विकलेला संच, ताब्यात आला. आधी सगळं आहे तसं लिहून ठेवतो. नंतर ‘हा डाग आधीपासून होता का’ असा वाद स्वतःशीच घालायला नको.

मुख्य वस्तू म्हणजे जर्मन साम्राज्याचं दक्षिण-पश्चिम आफ्रिका पदक (आजच्या नामिबियात हेरेरो आणि नामा लोकांविरुद्ध १९०४ पासून झालेल्या वसाहती युद्धाचं), ब्राँझचं, मूळ वाटणाऱ्या मळक्या रिबनसह. रिबनवर तीन क्लॅस्प आहेत, म्हणजे लढाईचं किंवा मोहिमेचं नाव असलेल्या छोट्या धातूच्या पट्ट्या. वरून खाली वाटरबेर्ग, ग्रोस-नामालांड, फाल्ग्रास. सोबत एका वुर्टेम्बेर्गी (वुर्टेम्बेर्ग हे साम्राज्यातलं एक राज्य, राजधानी स्टुटगार्ट) सैनिकाचा मिलिटेअरपास, म्हणजे सेवेची नोंद असलेली छोटी वही. आणि सिगारचा एक पत्र्याचा डबा. डब्यात पाच सुटे क्लॅस्प : हेरेरोलांड, कारासबेर्गे, कालाहारी १९०८, टाकू आणि पेकिंग. विकणाऱ्याचं म्हणणं, सगळं एकाच घराच्या आवराआवरीतून निघालं. तसं असेलही. पण हे झालं त्याचं तोंडी सांगणं, त्याला कागद नाही.

पदकाला चुंबक चिकटत नाही. ते चिकटायलाही नको. हे पदक १९ मार्च १९०७ ला जर्मन सम्राट, म्हणजे कैसर, विल्हेल्म दुसऱ्याने सुरू केलं ते दोन प्रकारांत : लढलेल्यांना ब्राँझचं, न लढता मोहिमेला हातभार लावणाऱ्यांना पोलादी. लढाईचे क्लॅस्प लढणाऱ्यांसाठी होते. त्यामुळे पोलादी पदकावर क्लॅस्प दिसला तर खिशात हात घालण्याआधी चार प्रश्न विचारावेत. ब्राँझच्या एका बाजूला शिरस्त्राण घातलेलं मस्तक, दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली ‘डब्ल्यू’, आडव्या-उभ्या तलवारी आणि ‘विजयी लढवय्यांना’ अशा अर्थाची जर्मन ओळ.

काम ठरलं ते असं : प्रत्येक क्लॅस्पचं कार्ड करायचं आणि त्यावर दोन रकाने ठेवायचे. वस्तू खरी आहे का? आणि ती या माणसाची आहे का? दोन्ही उत्तरं एका शब्दात देता आली पाहिजेत.

१४ नोव्हेंबर

पुण्याहून मामाचा फोन. त्याला फोटो पाठवले होते. मामाकडे जुन्या बाजारातून जमवलेली ब्रिटिश-हिंदी पदकं आहेत. माझ्या हातात आलेलं पहिलं पदकही त्यानेच दिलेलं, चीन १९०० चं, ब्राँझचं. चांदीचं पदक सैनिकांना मिळे. डोलीवाले, खेचरवाले, नोकर यांच्यासाठी ब्राँझ. पण त्याच्याही कडेवर माणसाचं नाव कोरलेलं आहे.

“अरे, कडेवर नाव कुठाय?” मामाचा पहिला प्रश्न.

“नाहीये मामा. जर्मन कोरायचेच नाहीत.”

“मग ते कोणाचं हे कळणार कसं?”

“कागदावरून.”

“आणि कागद दुसऱ्याचा निघाला तर? तू आपला नाणी जमव.”

थट्टा सोडली तर त्याने नेमकं दुखणं दाखवलं. ब्रिटिश पदकाची ओळख कडेत असते : नाव, हुद्दा, पलटण. रोल (पदक मिळालेल्यांची यादी) काढायचा, क्लॅस्पचा हक्क तपासायचा, विषय संपला. शिवाय ब्रिटिश क्लॅस्प पदकाच्या टांगणीला रिव्हेटने जोडलेले असतात, एकावर एक चढवत नेलेले. नवीन घुसवायचा तर रिव्हेट तोडावे लागतात आणि ते दिसतं. जर्मन क्लॅस्प मात्र नुसता रिबनवर सरकवतात. मागच्या पकडीतून फीत ओवली की झालं. चहा गार व्हायच्या आत कोणीही साध्या पदकाचं तीन लढायांचं पदक करू शकतो, आणि किंमत क्लॅस्पवर चढते. फसवणुकीचं मूळ या रचनेतच आहे.

१९ नोव्हेंबर

रिबन. अर्धा रविवार यातच गेला, पण आजवरचा सगळ्यात कामाचा दिवस.

दक्षिणेच्या खिडकीतला सरळ उजेड, दहापट भिंग आणि लाकडी काडी. धातूचं काही वापरलं नाही, ओरखडा नको. क्लॅस्प हळूच दोन मिलिमीटर खाली सरकवून त्याच्याखालची फीत पाहायची. वर्षानुवर्षं एका जागी बसलेल्या क्लॅस्पखाली रंग उडालेला नसतो, धूळ शिरलेली नसते. कडेला मात्र काळसर रेघ उमटते, कधी हिरवट गंजाची छटा.

ग्रोस-नामालांडखाली रंग ताजा, आयत चक्क आखल्यासारखा. फाल्ग्रासखालीही तसाच, आणि डावीकडे हिरवा डाग क्लॅस्पच्या कोपऱ्याशी तंतोतंत जुळतो. वाटरबेर्गखाली काहीच नाही. तिथली फीत उघड्या भागाइतकीच उडालेली, मळसुद्धा तेवढाच.

मग अंधार करून यूव्ही टॉर्च. फीत निर्जीव, काही चमकत नाही. चांगलं लक्षण. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरली जाणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली, त्यामुळे निळसर पेटणारी रिबन कैसरच्या काळातली नसते. पण वाटरबेर्ग घसरू नये म्हणून मागून दोन टाके घातले आहेत, आणि ते दोन टाके ट्यूबलाइटसारखे पेटले.

नोंद : टाके नवे म्हणून क्लॅस्प खोटा ठरत नाही. जुना क्लॅस्प सुटून नव्याने शिवला असेल. पण मग खालचा आयत कुठे गेला?

२६ नोव्हेंबर

सुट्या क्लॅस्पकडे वळतो. त्यातले आफ्रिकेचे तीन आधी.

अस्सल क्लॅस्प ठशाने ठोकलेला असतो. धातूवर दाब येऊन अक्षरं उठतात, त्यामुळे अक्षराची भिंत सरळ चढते आणि पाया स्वच्छ असतो. ओतीव नकलेत अक्षर साबणाच्या वडीवरच्या छापासारखं गोलावतं, आणि जमिनीवर बारीक खड्डे दिसतात. ते द्रव धातूतले वायूचे बुडबुडे. ओतीव माल पॉलिश करून खड्डे घालवता येतात, पण मग अक्षरांच्या पायाशी पॉलिशची वळणं राहतात.

शिवाय आक्रसणं. अस्सल तुकड्यावरून साचा करून ब्राँझ ओतलं की थंड होताना ते साधारण दीड टक्का आखडतं. तीस मिलिमीटरला जवळजवळ अर्धा. व्हर्नियरवर अर्धा मिलिमीटर म्हणजे भिंतीएवढा फरक.

हेरेरोलांड आणि कारासबेर्गे व्यवस्थित. मुलामा उंचवट्यांवर घासलेला, खोबणीत शाबूत, म्हणजे कपड्यावर घासून झिजलेल्या वस्तूचा जो असतो तसाच. कालाहारी १९०८ मात्र या दोघांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने आखूड, आकड्यांच्या पोटात खड्डे, आणि सोनं सगळीकडे सारखं. शंभर वर्षांत न घासलेला क्लॅस्प असू शकतो, एखाद्याने कधी लावलाच नसेल. पण न घासलेला आणि आखूड आणि खड्डेवाला, असं एकत्र जुळलं की बोलणं संपतं.

कालाहारी १९०८ ची नक्कल का निघते ते समजण्यासारखं आहे. सिमोन कोपरच्या नामा टोळीमागे कॅप्टन फॉन एर्केर्ट उंटांवरून वाळवंटात उतरला तो मार्च १९०८ मध्ये. १६ मार्चला सेआत्सुबला गाठ पडली, एर्केर्ट तिथेच मेला. मोहीम काही आठवड्यांची, माणसं थोडी. हेरेरोलांडसारखं नाही. या युद्धात सुमारे १४,००० जर्मन सैनिक तिकडे पाठवले होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा उत्तरेशी, म्हणजे हेरेरोंच्या मुलखाशी, संबंध आला. जिथे हक्कदार थोडे तिथे नकलाकार फार.

३ डिसेंबर

मित्राच्या प्रयोगशाळेत एक्सआरएफ. हातातलं यंत्र पिस्तुलासारखं वस्तूवर धरायचं, क्ष-किरणांनी पृष्ठभागाजवळची मूलद्रव्यं कळतात. वस्तूला इजा नाही.

हेरेरोलांड, कारासबेर्गे, ग्रोस-नामालांड, फाल्ग्रास : तांब्याचा मिश्रधातू, वर सोनं. वाटरबेर्ग : तेच, आणि प्रमाणंही इतरांच्या पंगतीत बसणारी. कालाहारी १९०८ : सोन्याच्या पातळ थराखाली भरपूर निकेल. सोन्याच्या आधी निकेलचा थर देणं ही अलीकडच्या प्लेटिंगची सवय आहे. एकट्या निकेलवर मी कोणाला फाशी दिली नसती, कारण निकेलचं प्लेटिंग एकोणिसाव्या शतकातही होतं. पण खड्डे आणि लांबी आधीच बोलून गेली होती.

कुठेही पारा सापडला नाही. सापडला असता तर अग्निमुलामा म्हणता आलं असतं : पाऱ्यात सोनं कालवून लावायचं आणि पारा तापवून उडवायचा. तो नाही म्हणून काही सिद्ध होत नाही.

वाटरबेर्गने कोड्यात टाकलं खरं. धातू, ठसा, मुलामा, झीज, सगळं खरं. रिबन मात्र म्हणते की हा इथला नाही.

यंत्रांबद्दल माझं मत पक्कं होत चाललंय. ती फार तर ‘नाही’ म्हणू शकतात. ‘हो’ म्हणायला कागदच लागतो.

९ डिसेंबर

टाकू आणि पेकिंग. हे दुसऱ्याच पदकाचे क्लॅस्प, म्हणजे मे १९०१ मध्ये सुरू झालेल्या, चीनमधल्या बॉक्सर उठावाविरुद्धच्या मोहिमेच्या चीन पदकाचे. त्याच्या एका बाजूला गरुड पायाखालच्या ड्रॅगनला दाबतो आहे. दुसऱ्या बाजूला ‘१९०० चीन १९०१’. मामाच्या डोलीवाल्याचं पदक याच युद्धाचं, फक्त दुसऱ्या राजाचं.

टाकू समजायला सोपा. १७ जून १९०० ची पहाट, पैहो नदीच्या मुखावरचे किल्ले, आणि जर्मन गनबोट इल्टिस. तिचा कप्तान लान्स जबर जखमी झाला आणि पुर ल मेरीट, म्हणजे प्रशियाचं शौर्यासाठीचं मोठं मानचिन्ह, घेऊन गेला. पुढे कैसरने जहाजालाच ते मानचिन्ह दिलं, पुढच्या टोकावर बसवायला! तर टाकूचा हक्क मुख्यतः नौदलाच्या माणसांचा. पायदळातल्या माणसाच्या संचात टाकू दिसला तर तो तिथे कसा पोचला ते विचारावं.

पेकिंगचं गणित आणखी कडक. १९०० मध्ये पेकिंगमधल्या परदेशी राजदूतावासांना वेढा पडला, त्यात आत असलेला जर्मन पहारा सागरी बटालियनच्या पन्नासेक माणसांचा, लेफ्टनंट काउंट सोडेनच्या हाताखाली. ॲडमिरल सीमोरची सुटकेची तुकडी, जिच्यात साडेचारशेच्या आसपास जर्मन होते, जूनमध्ये अर्ध्या वाटेवरून परतली. वेढा उठला १४ ऑगस्टला. फील्ड मार्शल वाल्डरझे आणि त्याची मोठी फौज पोचली ती त्यानंतर. मग बाजारात जितके पेकिंग क्लॅस्प फिरताना दिसतात तितके खरे मानायचे तर त्या पहाऱ्यातल्या माणसांनी ते मुठीमुठीने उधळले असले पाहिजेत.

माझ्या डब्यातला पेकिंग ठोकलेला आहे, ओतीव नाही. पण अक्षरं टाकूपेक्षा बारीक, चौकटही वेगळी. हे लक्षण फसवणुकीचंच असेल असं नाही. त्या काळात बर्लिन, स्टुटगार्ट, म्युनिकचे पदक-कारागीर स्वतःचे ठसे करून माल विकायचे, हरवलेल्याच्या जागी दुसरं घ्यायला किंवा सणासुदीला घालायच्या सुबक जोडासाठी. दोन युद्धांच्या मधल्या काळात माजी सैनिकांच्या संघटना जोरात होत्या, तेव्हाही हे चालू राहिलं. आणि १९५७ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत जुनी मानचिन्हं लावायला रीतसर परवानगी मिळाली, तेव्हा म्हाताऱ्यांनी पुन्हा नवी करून घेतली. म्हणजे ‘अस्सल’ आणि ‘खोटं’ यांच्या मध्ये दोन-तीन पायऱ्या आहेत, आणि प्रामाणिक विक्रेता त्या सांगतो.

पेकिंगच्या कार्डावर : ठोकलेला, खाजगी कारागिराचा, काळ अनिश्चित, हक्काचा पुरावा शून्य. टाकू : ठोकलेला, झीज नैसर्गिक, मालक अज्ञात. पुढे.

१६ डिसेंबर

मिलिटेअरपास. छापील रकाने फ्राक्टुर या जुन्या जर्मन छपाईच्या लिपीत, भरलेला मजकूर कुरेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षरात. छापील वाचता येतं, हाताचं अजून अडखळत. शेजारच्या आजींकडे गेलो. त्यांनी लहानपणी ही वळणं गिरवली आहेत. चष्मा वर केला आणि पेपर वाचावा तसं वाचत गेल्या. मधेच थांबून विचारलं, “तुम्हाला हे कशाला हवंय?” खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या घरातल्या असल्या वह्या आईने चुलीत घातल्या.

माणसाचं नाव इथे लिहीत नाही, वंशज असतील. जन्म १८८२, रॉयटलिंगेनच्या बाजूचं खेडं, धंदा सुतारकी. वुर्टेम्बेर्गच्या पायदळात दोन वर्षं. मग स्वेच्छेने शुट्सट्रुपेत, म्हणजे वसाहतीच्या साम्राज्य-फौजेत. तिथे जायचं तर आधी आपल्या राज्याच्या सैन्यातून मुक्त व्हावं लागे, ती नोंद आहे. हांबुर्गहून बोट, आणि लुडेरिट्झबुख्तला उतरला तो १९०५ च्या मार्चमध्ये.

इथे मी पेन खाली ठेवलं. वाटरबेर्गची लढाई ११ ऑगस्ट १९०४ ची.

मोहिमांच्या रकान्यात ग्रोस-नामालांडमधल्या चकमकी, त्यात २९ ऑक्टोबर १९०५, फाल्ग्रास. परत आला १९०७ च्या सुरुवातीला. पदकाची नोंद वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने, शिक्का नंतरच्या तारखेचा. ते बरोबरच आहे, कारण हे पदकच १९०७ च्या मार्चमध्ये निघालं. एकाच शाईत, एकाच हाताने, प्रवास आणि पदक एका बैठकीत लिहिलेलं दिसलं असतं तर मी वही मिटली असती. क्लॅस्प दोन लिहिलेत : ग्रोस-नामालांड, फाल्ग्रास. वाटरबेर्ग नाही.

रिबनने जे नोव्हेंबरात सांगितलं तेच वहीने डिसेंबरात सांगितलं. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून या साक्षीला वजन.

१५ जानेवारी २०२४

मामाचा प्रश्न अजून उभा आहे : वही आणि पदक एकत्र आहेत हे कोण म्हणतं? विक्रेता. पदकाच्या शेजारी योग्य वाटणारी वही ठेवून ‘संच’ करणं हाही एक धंदा आहे.

स्टुटगार्टचं हाउप्टश्टाट्सआर्काइव्ह, म्हणजे राज्याचा मुख्य दफ्तरखाना. माणूस वुर्टेम्बेर्गचा निघाला हे नशीब. साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्याचा, प्रशियाचा असता तर इथेच थांबावं लागलं असतं, कारण प्रशियाच्या सैन्याची कागदपत्रं पोट्सडामच्या लष्करी दफ्तरखान्यात होती आणि एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. बव्हेरियाची म्युनिकमध्ये वाचली, वुर्टेम्बेर्गची इथे. त्यामुळे जर्मन पदकांच्या बाजारात बव्हेरियन आणि वुर्टेम्बेर्गी माणसाच्या संचाला जास्त भाव येतो तो मला पटतो. त्याची तपासणी होऊ शकते.

आपला सुतार १९१४ मध्ये पुन्हा बोलावला गेला असणार, वय बत्तीस. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सैनिक-याद्या मागवल्या. मोठ्या जाडजूड वह्या, एका ओळीत एक माणूस, आधीची सेवा आणि मानचिन्हं असे रकाने. सापडला. जन्मतारीख, गाव, धंदा जुळले. मानचिन्हांत : ‘दक्षिण-पश्चिम आफ्रिका पदक, दोन क्लॅस्प’. नावं दिलेली नाहीत, पण दोन म्हणजे दोन.

पदक या माणसाचंच हे यातूनही शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण आता असं मानायला हरकत नाही : रिबनवर ज्या दोन क्लॅस्पचे ठसे आहेत ते आणि वहीतले दोन एकच आहेत, आणि त्यातला फाल्ग्रास बाजारात उठसूट मिळणारा नाही. चार वेगळ्या हातांनी एकच गोष्ट सांगितली.

२१ जानेवारी

फाल्ग्रासबद्दल थोडं लिहायला हवं. कार्डावर नुसतं गावाचं नाव टाकणं मला जमेना.

हेंड्रिक विटबोई, नामांचा म्हातारा कप्तान, म्हणजे टोळीप्रमुख, दक्षिणेतल्या गिबेऑन गावचा. २९ ऑक्टोबर १९०५ ला फाल्ग्रासजवळ जर्मन तुकडीवर छापा घालताना मांडीला गोळी लागली आणि रक्त जाऊन तो मेला. आज नामिबियाच्या नोटांवर त्याचा चेहरा आहे. त्याच्या पत्रांच्या वह्या २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत आहेत. आणि १२ एप्रिल १८९३ ला विटबोईच्या हॉर्नक्रान्झ या वस्तीवर जर्मन अधिकारी कुर्ट फॉन फ्रान्स्वाने पहाटे हल्ला केला, बायकामुलांसकट, तेव्हा लुटीत आलेलं विटबोईचं बायबल आणि चाबूक शेवटी कुठे होते? इथे, स्टुटगार्टच्या लिंडेन संग्रहालयात. १९०२ पासून. फेब्रुवारी २०१९ च्या शेवटी बाडेन-वुर्टेम्बेर्ग सरकारने ते गिबेऑनला जाऊन परत केले.

म्हणजे माझ्या हातातल्या इवल्या सोनेरी पट्टीवर जे नाव आहे ते एका माणसाच्या मृत्यूचं ठिकाण आहे, आणि त्या माणसाचं बायबल माझ्या घरापासून अर्ध्या तासावर शंभरहून अधिक वर्षं कपाटात होतं. सुतार त्या दिवशी कुठे उभा होता, त्याने काय पाहिलं, हे वही सांगत नाही.

वाटरबेर्ग तर आणखी जड. ११ ऑगस्ट १९०४ ला जर्मन सेनापती लोथार फॉन ट्रोथाने हेरेरोंना डोंगराशी घेरलं. ते फुटले ते पूर्वेला, ओमाहेकेच्या निर्जल वाळूत. २ ऑक्टोबरला ट्रोथाचा जाहीरनामा : जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी. पाणवठे रोखून धरले. जर्मन जनरल स्टाफच्याच अधिकृत इतिहासात लिहिलंय की शस्त्रांनी सुरू केलेलं काम निर्जल ओमाहेकेने पुरं करायचं होतं. आणि ओमाहेके नावाचाही एक क्लॅस्प आहे. तोही याच पदकाचा, तोही सोनेरी. जर्मन सरकारने २०२१ मध्ये याला वंशसंहार म्हणून मान्यता दिली.

मग हे जमवायचं का? या छंदातले काही जण म्हणतात, इतिहास म्हणजे इतिहास, धातू म्हणजे धातू. मला ते पटत नाही. लिलावाच्या यादीत ‘दुर्मिळ, सुंदर मुलामा’ एवढंच छापून येतं तेव्हा क्लॅस्पचं अर्धं वर्णन राहून जातं. माझ्या कार्डांना आता तिसरा रकाना : तिथे काय झालं. वीस शब्दांत, तारखेसह.

४ फेब्रुवारी

वाटरबेर्गचं करायचं काय? दोन मतं ऐकली. एक म्हणतं, आला तसा ठेव, पदकाच्या आयुष्यात कोणीतरी तो लावला हाही इतिहासच. दुसरं म्हणतं, काढ, नाहीतर उद्या तुझ्यानंतर हा संच पुन्हा तीन क्लॅस्पचा म्हणून विकला जाईल.

दुसरं धरलं. पेटणारे टाके या शतकातले किंवा गेल्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्यांना राखण्यासारखं काही नाही. दोन्ही बाजूंनी, यूव्हीत आणि साध्या उजेडात फोटो काढले, टाके कापून पारदर्शक पाकिटात ठेवले, आणि वाटरबेर्ग सुट्यांच्या डब्यात गेला. फाल्ग्रास आणि ग्रोस-नामालांड आपापल्या आयतांवर परत. दोघांच्या वर रिकामी जागा राहिली आहे, ती तशीच राहू दे.

विक्रेत्याला नम्रपणे कळवलं, कालाहारी परत घेतोस का म्हणून. उत्तर आलं : माझ्याकडे आला तसा दिला. यावर भांडण नाही. पण क्लॅस्पच्या संख्येवरून किंमत ठरवणाऱ्या विक्रेत्याकडून संच घ्यायचा तर पैसे मोजण्याआधी रिबनखाली डोकावू देतो का ते बघावं. न देणाऱ्याकडे घेऊ नये.

१० फेब्रुवारी

मामाने विचारलं, हे सगळं पुण्याला कधी आणतोस? आणणार नाही. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. एकदा आत नेलं की उद्या नामिबियातल्या एखाद्या संग्रहालयाने फाल्ग्रास मागितला तर मला पाठवायची सोय राहणार नाही. मामा म्हणाला, “बरं. मग फोटोंचा अल्बम कर माझ्यासाठी. आणि डोलीवाल्याचं पदक तेवढं परत आण.”

ते आणीन. नाव असलेलं आहे, त्याचा रोल मामालाच शोधू दे.

१८ फेब्रुवारी

कार्डं लिहून झाली. फाल्ग्रासचं उतरवून ठेवतो :

‘फाल्ग्रास. ठोकलेला, मुलाम्याची झीज नैसर्गिक. रिबनवरच्या जुन्या छापाशी जुळतो. वहीत नोंद, सैनिक-यादीत दोन क्लॅस्पची नोंद. या माणसाचा असण्याची शक्यता मोठी. २९ ऑक्टोबर १९०५, फाल्ग्रासजवळच्या छाप्यात नामा कप्तान हेंड्रिक विटबोई गोळी लागून मरण पावले.’

वाटरबेर्गच्या कार्डावर पहिल्या रकान्यात ‘हो’, दुसऱ्यात ‘नाही’. कालाहारीच्या दोन्हींत ‘नाही’. तो फेकणार नाही. ओतीव नक्कल कशी दिसते ते दाखवायला याहून चांगला नमुना मिळणार नाही. मात्र मागच्या बाजूला ‘नक्कल’ असं कोरून घेणार.

बाकी राहिलेलं : बर्लिन-लिश्टरफेल्डेच्या बुंडेसआर्काइव्हमध्ये, म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात, वसाहत खात्याचे कागद आहेत, आर १००१ या क्रमांकाखाली, त्यातले बरेच ऑनलाइन पाहता येतात. त्यात १९०५ च्या ऑक्टोबरातल्या दक्षिणेकडच्या तुकड्यांचे अहवाल शोधायचे. सुताराची कंपनी वहीत आहे. ती २९ तारखेला खरंच फाल्ग्रासला होती का, हे तिथे कळावं. हेरेरोलांड आणि कारासबेर्गे या सुट्यांचे मालक शोधायचा प्रयत्न करणार नाही, धागाच नाही. पेकिंग एका जाणकाराला दाखवायचा, चौकटीवरून कारागीर ओळखता आला तर.